गायनाचा तास आणि मामंजींची पेटी

माझा गळा चांगला आहे असं आजवर एकाच माणसाने म्हटलंय, आणि ते मालवणचे डॉक्टर होते. त्या वेळी त्यांनी माझ्या जिभेवर चमचा दाबून धरला होता.

असं असताना मी प्राथमिक शाळेत गायन शिकवायला लागले. त्यात माझा दोष नव्हता. माझं माहेर जामसंड्याचं. लग्न होऊन खाडीपलीकडच्या या गावात आले, तेव्हा इथल्या शाळेत एक जागा रिकामी होती. मी सातवी पास, म्हणजे त्या काळी गावात जवळजवळ विदुषी. मला हंगामी म्हणून घेतलं. शाळेत आम्ही दोघंच, हेडमास्तर आणि मी. मध्ये बांबूचा तट्टा. तट्ट्याच्या अलीकडे माझी पहिली-दुसरी, पलीकडे त्यांची तिसरी-चौथी. माझं पाढ्यांचं उत्तर चुकलं की तट्ट्यातून बरोबर उत्तर यायचं.

एके दिवशी वरून आदेश आला की प्रत्येक शाळेत मुलांना गाणं शिकवावं. पावसाळ्यानंतर शाळाखात्याचे दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी, तपासणीला येणार आणि गाणं ऐकणार. त्याच तपासणीवर माझी नोकरी कायम व्हायची होती. नाही झाली तर मला दोडामार्गाकडच्या कुठल्याशा शाळेत पाठवणार, असंही कानावर आलं होतं. आमचे हे मालवणात पोस्टात, मी दोडामार्गाला, आणि मध्ये अख्खा घाट नसला तरी अख्खा संसार.

हेडमास्तर म्हणाले, गायन तुम्ही घ्या, तुमच्या घरात संगीत आहे. ते खरं होतं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, गावच्या भजनमंडळाचे बुवा. पण घरात संगीत असणं आणि अंगात असणं यात जो फरक आहे, तो हेडमास्तरांना सांगायला मला धीर झाला नाही. शिवाय मुलांसाठी गाणं त्यांनी स्वतः रचून ठेवलं होतं. आठच ओळी. पहिल्या दोन अशा:

गाव माझे सागराकाठी,
नारळ डुलती वाऱ्यासाठी.

नारळ वाऱ्यासाठी कशाला डुलतील, असं मी विचारलं. यमकासाठी, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दार ओढून घेतलं आणि मुलांना गाणं म्हणून दाखवलं. चाल मीच लावली होती. मुलं इतकी शांत बसली की मला वाटलं, भारावली. मग पहिलीतली एक पोर रडायला लागली. शाळेमागच्या गोठ्यातून रेडकाने उत्तर दिलं. हेडमास्तर तट्ट्याच्या टोकाशी येऊन काळजीने विचारू लागले, कोणाला विंचू वगैरे चावला का. मी म्हटलं, नाही, गायनाचा तास आहे. ते "असं असं" म्हणत मागे सरकले. त्यांनी स्वतःचं गाणं ओळखलं नव्हतं.

संध्याकाळी मी सासूबाईंच्या आडून मामंजींकडे पेटी मागितली. पेटीचा सूर असला की माझा सूर झाकला जाईल, एवढीच माझी योजना. पण ती पेटी म्हणजे घरातली थोरली सून होती. सावंतवाडीहून माणसाच्या डोक्यावरून आणलेली, वेगळ्या चौरंगावर बसणारी, सोवळ्यातल्यासारखी झाकलेली. मामंजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पेटी येतली तर मी येतलंय. एकटी ती खंय जावची नाय."

अशा रीतीने माझे सासरे माझ्या वर्गात आले.

आता हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मी मास्तरीण. हातात छडी. समोर तीस-चाळीस मुलं. आणि खुर्चीत सासरे. (खुर्ची एकच होती.) सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर हवा, म्हणून एक हात पदराला. त्यांच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही, म्हणून मुलांना गप्प करायचं ते नजरेने. मुलांना पहिल्या दिवशीच कळलं की या वर्गात खरे मास्तर कोण. तरीही मामंजींनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांनी माझ्या हातात झांज दिली. दोन ओळी झाल्यावर ती परत घेतली आणि हळूच म्हणाले, "मास्तरणी, तू आपली पाटये तपास."

मुलांना मात्र ते फार आवडले. ते कोणाला रागावत नसत. चुकलेल्या पोराकडे असं दुःखाने बघत की ते पोर पुढच्या वेळी जीव तोडून गाई. त्यातही शेवंती म्हणून दुसरीतली एक मुलगी होती. तिची आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावभर फिरायची, आणि तिची हाक खाडीपलीकडे ऐकू जाई. तो आवाज जसाच्या तसा लेकीत उतरला होता. मामंजींनी तिला पुढे बसवलं. तोवर मी त्या मुलीला दिवसातून दहा वेळा "हळू बोल" म्हणत होते.

अडचण एवढीच होती की मामंजींना भजनाखेरीज दुसरं काही येत नव्हतं. हेडमास्तरांच्या आठ ओळी त्यांच्या हातात पडल्या आणि त्यांचं भजन झालं. आधी आलाप. मग पहिली ओळ बुवांनी म्हणायची, मुलांनी उचलायची. मग "नारळ" या शब्दावर ते थांबायचे. तिथे त्यांना काय दिसायचं कोण जाणे, पण ते त्या नारळाला सगळ्या बाजूंनी फिरवून बघत. आणि शेवटी गजर, म्हणजे लय वाढवत वाढवत सगळ्यांनी एका दमात गायचं, टाळ्या वाजवत. गजराला ओळ कुठली, तर "नारळ डुलती". वेग वाढला की "डुलती" गळून जाई आणि राहत नुसते नारळ. एकदा त्या गजराच्या भरात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कमरेला कोयता, खांद्यावर दोर. नारळ पाडणारा पाडेली होता. रस्त्याने जाताना त्याने ऐकलं होतं. त्याने वाकून विचारलं, "कोणाचे पाडूचे आसत?"

हळूहळू गाणं तासाबाहेर पडलं. हजेरी घेताना मुलं "हजर" हा शब्द लांबवायला लागली. एकाने लांबवला की बाकीचे उचलून धरायचे. दोनाचा पाढा विसापर्यंत पोचला की गजर सुरू. तट्ट्यापलीकडची चौथी भूगोलाच्या तासाला आमच्या ठेक्यावर नद्यांची नावं म्हणू लागली. पालक खूश होते. हेडमास्तर नव्हते. तपासणी चार दिवसांवर आल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, साहेबांना एवढा वेळ नसतो. गाणं दोन मिनिटांत झालं पाहिजे. बुवांना सांगा.

हे मी कसं सांगणार? मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी माजघरातून ओटीवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामंजी शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "पेटीय घरात बसली आसा, बुवाय घरात बसलो आसा. दोघांतलीय हवा गेली आसा." त्या हसत होत्या. मला हसू येईना. मामंजी दुखावले होते, आणि मला ते खरंच लागलं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या शाळेत पाऊल टाकलं होतं.

तपासणीच्या दिवशी दिपोटीसाहेब भरतीबरोबर तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, आले. बारीक अंगाचे, काळा कोट, काखेत छत्री. आल्या आल्या त्यांनी हेडमास्तरांना बजावलं की ओहोटी लागायच्या आत निघायचंय, नाहीतर होडी गाळात बसते. मग भराभर सगळं पाहिलं. माझ्या वर्गाचं वाचन चांगलं झालं, पाढे चांगले झाले. (मुलांनी गजर दाबून धरला होता. शेवंती नुसती लाल झाली होती.) शेवटी साहेब खुर्चीत टेकले आणि म्हणाले, गाणं होऊन जाऊ द्या.

मी पदर खोचला आणि सूर दिला.

मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा दिला. तो पहिल्यासारखा आला नाही, पण दिला. साहेबांनी छत्री मांडीवरून काढून बाजूला ठेवली. मग मी एकटीनेच गायला सुरुवात केली. मागोमाग चार मुलं लागली, ती चार दिशांना गेली. नारळापाशी आम्ही सगळे येऊन थांबलो आणि तिथून पुढे कोणालाच जाता येईना. त्या शांततेत शेवंती उभी राहिली. आणि जसं बोलायची सवय होती तशा आवाजात म्हणाली, "बाई, ह्या आमचा गाणा न्हय."

तेवढ्यात मामंजी आले.

आमचं घर शाळेच्या मागेच होतं. पुढे सासूबाईंनी सांगितलं ते असं. माझा पहिला सूर ओटीवर पोचला तेव्हा मामंजी पान लावत होते. दुसरा पोचला तेव्हा त्यांनी पान खाली ठेवलं. मी गायला लागले तेव्हा शेजारच्यांनी हाक मारून विचारलं, घरात सगळं बरं आहे ना. मग त्यांनी कोट घातला, पेटी खांद्यावर घेतली आणि निघाले. राग गेला नव्हता. पण काही गोष्टी माणसाला रागातसुद्धा ऐकवत नाहीत.

त्यांनी साहेबांना नमस्कार केला, जमिनीवर बसून पेटी उघडली आणि आलाप सुरू केला. मुलांचे चेहरे असे उजळले की सांगता येत नाही. पहिली ओळ आली, शेवंतीने उचलली, मग सगळ्यांनी. साहेब मान हलवत होते. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला. पुरे, असा त्याचा अर्थ. पण भजनात ऐकणाऱ्याने हात वर केला की त्याचा अर्थ वेगळा होतो. मामंजींनी वाकून दाद स्वीकारली आणि ओळ पुन्हा घेतली. थोड्या वेळाने साहेबांनी दोन्ही हात वर केले. मामंजी गहिवरले. त्यांनी नारळाला हात घातला.

हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी सासऱ्यांना गप्प बसा म्हणू शकत नव्हते, म्हणून मी खिडकीतून खाडीकडे बघत होते. पाणी उतरायला लागलं होतं. होडीवाला तारी काठावरून हाका मारत होता. एकदाचे साहेब उठले. मामंजींनी सूर न सोडता डाव्या हाताने त्यांना बसायची खूण केली आणि म्हणाले, "सायबानू, गजर बाकी आसा. गजराआदी उठू नकात."

साहेब बसले. का बसले ते मला आजही सांगता येणार नाही. पण गजर सुरू झाला तेव्हा तट्ट्यापलीकडची चौथीही आत आली होती, दारात माणसं जमली होती, आणि साहेबांचा बूट खाली हलत होता.

होडी गाळात बसली. पुढची भरती पहाटेची. साहेबांना आमच्याकडे राहावं लागलं.

दिवेलागणीला ते जेवायला बसले तेव्हा चेहरा काही फार गोड नव्हता. सासूबाईंनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी वाढली. दुसऱ्या वाढपाला त्यांचा आवाज मऊ झाला. मामंजींकडे वळून ते म्हणाले, "बुवा, मी पुष्कळ शाळा हिंडतो. गाणं म्हणा म्हटलं की मुलं छातीत हनुवटी घालून पुटपुटतात. तुमच्या मुलांना लाज कशी ती माहीत नाही. हे चालू ठेवा."

मामंजींनी सासूबाईंना खूण केली, साहेबांना आणखी वाढ.

मी दाराआड उभी होते. धीर करून विचारलं, "आणि माझं काय, साहेब?"

"तुमची मुलं वाचतात छान. तुम्ही कायम व्हाल. पण बाई, गायनाच्या तासाला तुम्ही..." एवढं बोलून ते थांबले. भला माणूस. मान खाली घालून त्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत काढली नाही.

मी कायम झाले. त्यानंतर मामंजींचे हात चालत होते तोवर ते दर आठवड्याला पेटी घेऊन वर्गात येत राहिले. साहेबांच्या सूचनेवरून गाणं तेवढं भरतीचा अंदाज घेऊन बसवायचो.

अलीकडे मालवणच्या बाजारात शेवंती भेटली. आता तिचीच नातवंडं शाळेत जातात. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने माझी ओळख करून दिली, ही आमची गाण्याची बाई. मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, अगं, मी कसलं गाणं शिकवलं, ते तर मामंजींनी.

"तसा म्हणा नकात, बाई," शेवंती म्हणाली. "तुमी त्या तपासणीच्या दिसा गायलात, आनि मगे परत कधीच गायलात नाय. तेचेसाठी आमका गाण्याची आवड रवली."