नुसत्या डोळ्यांनी अरुंधती

पासलीला पुतण्याचं लग्न होतं. दिवेलागणीनंतर भटजींनी नवरा-नवरीला ध्रुव दाखवला, मग अरुंधती. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटून असलेली ती बारीक चांदणी. मांडवातल्या बायकाही माना वर करून पाहू लागल्या. माझ्या बायकोला ती काही दिसेना.

"नीट बग की गं," माझी चुलती तिला म्हणाली. "का नवऱ्याकडं बगून बगून डोळं गेलं?"

बायका हसल्या. मग चुलतीच हळू आवाजात म्हणाली, "ज्येला दिसत न्हाई त्यो सा महिन्यांत जातो, म्हंत्यात."

मी असलं काही मानत नाही. पण मार्गासनीला घरी आल्यावर बायको आवराआवर करू लागली, आणि ती नेहमीची नव्हती. थोरल्या लेकीला लोणच्याच्या मिठाचं माप दाखवलं. स्वतःचं हिरवं लुगडं वेगळं काढून ठेवलं. सवाष्ण गेली की तिला हिरवंच नेसवतात.

माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारातली छोटी दुर्बीण होती. विकणारा पंचवीस पट म्हणाला होता. देवळाच्या कळसावर पडताळली तर वीस पटच भरली. एका संध्याकाळी ती अंगणात तीन बांबूंवर बांधली आणि बायकोला बोलावलं.

"दिसली!" ती म्हणाली. "दोगं जवळजवळच हायेत."

"झालं तर मग."

"काचंतनं बगितल्यालं धरत न्हाईत." तिचा आवाज अगदी निवांत होता. "आन् मला भ्या न्हाई वाटत. कपाळाला कुंकू हाय तवर म्या जाईन, त्येच बरं. तुमास्नी दिसती न्हवं, नुसत्या डोळ्यांनी?"

इतके दिवस मी तिला मरणाची भीती वाटते असं समजत होतो. तिला भीती होती ती मी आधी जाण्याची.

मी वर पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. वसिष्ठ एकटाच होता.

"दिसते," मी म्हणालो.

"कोणच्या अंगाला?"

"डाव्या."

दुर्बिणीत ती डावीकडेच होती. पण आमची दुर्बीण सगळं उलटं दाखवते, उजवं ते डावीकडे. चंद्र दाखवताना हे तिला मीच शिकवलं होतं.

तिने पुन्हा एकदा दुर्बिणीला डोळा लावला.

"चला, जेवून घ्या," म्हणाली.

पहाटे मला जाग आली तेव्हा तिचा तळहात माझ्या छातीवर होता. ती जागीच होती.