मणीचं सोयर

भाचीच्या बाळासाठी ओव्याची धुरी केली आणि त्या वासासरशी मी थेट काळाचौकीच्या आमच्या चाळीत पोचले. गणपतीचे दिवस होते. आमच्या कुत्रीला, मणीला, सकाळपासून कळा येत होत्या. दोन पिल्लं झाली, तिसरं अडकलं. आईने बोटांना खोबरेल लावून ते हळूच ओढून काढलं, पण ते श्वासच घेईना. जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ती त्याला चोळत राहिली. मी शेजारच्या नानांकडे गरम पाण्याची पिशवी मागायला धावले.

पिशवी राहिली बाजूला, नाना हात हलवत आले आणि उंबऱ्याबाहेरूनच गरजले, "वहिनी, मजल्यावर गणपती बसलेत. बाळंतपणाचं सोयर लागतं! त्या कुत्रीला आधी खाली नेऊन टाका."

आमच्या घरात ही गोष्ट हसत हसत सांगतात. मला मात्र आजही संताप येतो. एक जीव आईच्या हातात गार पडत चालला होता आणि या माणसाला विटाळ सुचत होता!

आईने चोळणं थांबवलं नाही. पिल्लू बारीकसं चिरकलं, तेव्हाच तिने मान वर केली.

"सोयर भावकीला लागतं, नाना. तुम्ही मणीचे कोण?"