चपला घालताना

अकोल्यात लोकांसाठी एक वास्तुकला केंद्र उभारायचं ठरलं आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. घर कसं बांधावं, वस्ती कशी असावी, हे कुणीही येऊन पाहावं, त्यावर बोलावं, अशी ती जागा. पुठ्ठ्याचं मॉडेल मांडीवर सांभाळत मी अमरावतीहून बसने आले. बैठक शाळेच्या एका वर्गात होती. भाजीवाल्या बाया, शेतकरी, निवृत्त मास्तर, सगळे चपला दाराबाहेर काढून आत बसले.

तासभर मी घसा कोरडा केला. काही सूचना असतील तर सांगा म्हटलं. "चांगलं हाय," एवढंच उत्तर. माझं डोकं तापलं. मग आलात कशाला, असं अगदी तोंडावर आलं होतं.

बैठक संपली. मी मॉडेल आवरत होते, तर दाराबाहेर हा गलका! एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी सगळी मंडळी उभ्या उभ्या माझ्याच इमारतीवर भांडत होती. "एवढी काच कावून लावून राहिली हे बाई? उन्हाळ्यात भाजून काढते का आमाले?"

मला पाहून सगळे गप्प झाले. मी खाली वाकून माझ्या चपला शोधू लागले. खरं तर त्या समोरच होत्या. हळूहळू बोलणं पुन्हा सुरू झालं.

नव्या आराखड्यात मी दाराबाहेर ऐसपैस, सावलीचा ओटा काढला. केंद्राच्या समितीतले साहेब म्हणाले, "चपला ठेवायला एवढी जागा?"

म्हटलं, "साहेब, सभागृह तेच आहे. आतली खोली भाषणांसाठी."