नीरटी गालय्याचे सूतक

आमच्या बोडगुट्टपल्लीत तळ्याच्या पाण्यावर दोनशे दहा एकर भात पिकते आणि ते सगळे पाणी एका माणसाच्या हातचे आहे. तो माणूस म्हणजे गालय्या, आमचा नीरटी. पाणी वाटणाऱ्याला आमच्याकडे नीरटी म्हणतात. त्याचा बाप नीरटी होता, बापाचा बापही.

तळ्याच्या बांधाच्या पोटात एक दगडी दार आहे. त्याला तूम म्हणतात. त्याच्या तोंडात लाकडी बोळा बसवलेला असतो. गालय्या कमरेला दोरी बांधून बुडी मारतो, बोळा काढतो आणि वर आला की बांधावरच्या मैसम्मा देवीच्या दगडाला आधी हात लावतो. मग फावडे खांद्यावर टाकून कालव्याच्या कडेने चालू लागतो. वरच्या शेतांपासून सुरुवात करून शेपटाच्या शेतांपर्यंत पोचायला आठ दिवस लागतात. ती झाली एक पाळी. कोणाला किती पाणी पोचले हे तो पायाने ओळखतो. वाफ्यात पाऊल टाकतो, बोटे कुठवर बुडाली बघतो आणि बांध फोडतो किंवा बुजवतो. घड्याळ त्याने कधी बांधले नाही.

शेपटाची शेते त्याच्याच जातीच्या, त्याच्याच नात्यातल्या लोकांची. त्यात त्याच्या बायकोचा भाऊ सायन्ना. तो कालव्यावर उभा राहून ओरडायचा, "बावा, हे पाणी सोडलंस की थुंकलास?"

"तोंड उघड, आधी तुझ्या तोंडात सोडतो," गालय्या मान वर न करता म्हणायचा.

नियम दोनच. नीरट्याशिवाय दुसऱ्या कोणी बोळ्याला हात लावायचा नाही. आणि नीरटी सूतकात असेल तर त्यानेही अकरा दिवस लावायचा नाही. मैसम्मेला चालत नाही. गालय्याचा बाप मेला तेव्हा मे महिना होता, तळ्यात गुरे चरत होती. आई मेली तेव्हा कापणी उरकलेली होती. त्यामुळे या दोन नियमांची गाठ कधी पडली नव्हती.

मी गावच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे. खत आणि बियाणे वाटण्याचे काम. एकतीस वर्षे झाली, पुढच्या जूनमध्ये सुटेन. गालय्याचा मुलगा किष्टय्या सव्वीस वर्षांचा होता. दुबईला जाताना त्याने फॉर्मवर घरचा नंबर म्हणून सोसायटीचा नंबर लिहिला होता. म्हणून सहा मार्चला सकाळी फोन माझ्या टेबलावर वाजला. पलीकडचा माणूस हिंदी बोलत होता. किष्टय्या रात्री झोपला तो उठला नाही, असे त्याने सांगितले. कागदपत्रांना वेळ लागेल, बॉडी यायला तीन आठवडे तरी जातील.

गालय्या तेव्हा वरच्या शेतांत होता. मी चालत गेलो आणि सांगितले. त्याने फावड्याचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"झोपेत?" त्याने विचारले.

"झोपेत."

"जेवला होता का?"

ते मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते.

दुपारी पंचायतीच्या ओट्यावर लोक जमले. भात पोटरीत होते. पोटरीत आठ दिवस पाणी चुकले की दाण्याऐवजी फोल भरते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. राजिरेड्डी पटेल खुर्चीवर बसले. वरची पन्नास एकर त्यांची. त्यांच्या दोन्ही बोअर जानेवारीतच आटल्या होत्या.

"मढं आलं नाही, माती दिली नाही, मग सूतक कसलं?" पटेल म्हणाले.

गालय्याच्या वस्तीतला म्हातारा बालमल्लू खाली बसला होता. तो म्हणाला, "पटेला, कानावर आलं की लागतं. आमच्यात असंच आहे."

"कोणाच्या कानावर आलं? फोन सोसायटीत आला. कानावर आलंच असेल तर सेक्रेटरीच्या आलं. त्याला धरू दे अकरा दिवस."

लोक हसले. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही.

"तू काय म्हणतोस, गाला?"

"तुम्ही म्हणाल तसं," गालय्या म्हणाला.

असे ठरले. किष्टय्या गावात येईपर्यंत सूतक नाही. सूतक नाही म्हणजे घरात रडारड नाही, घराची चूल बंद नाही. गालय्या उठला आणि उरलेले वाफे भिजवायला गेला.

त्याच्या बायकोला, पोशव्वाला, हे सांगायला बालमल्लूची बायको गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोशव्वाच्या छपरातून धूर दिसला नाही, तेव्हा ती पुन्हा गेली.

"अगं, चूल पेटव. धूर नाही दिसला तर लोक म्हणतील सूतक धरलं."

"पोटचं गेलं त्या घरात चूल पेटवू?"

"पाणी तरी ठेव गरम करायला."

पोशव्वाने चुलीत काटक्या घातल्या, पेटवल्या आणि वर काहीच ठेवले नाही. "धूर पाहिजे ना सगळ्यांना? घ्या धूर."

दोन दिवस ती रिकामी चूल जाळत होती. तिसऱ्या दिवशी तिने चुलीवर भात टाकला. गालय्याला पाण्यात बुडी मारायची असे, त्याला उपाशी ठेवून चालणार नव्हते.

एक पाळी संपली. दुसरी सुरू झाली. मी रोज दहा वाजता दुबईचा नंबर लावायचो. एक सही बाकी आहे, एक शिक्का बाकी आहे, असे ऐकायचो आणि संध्याकाळी जाऊन गालय्याला सांगायचो. तो "बरं" म्हणायचा. पाणी तो पूर्वीसारखेच देत होता. एकाही वाफ्याला कमी नाही, एकालाही जास्त नाही. माणसे त्याच्याशी पाण्याचेच बोलायची. दुसरे काय बोलायचे ते कोणाला सुचत नव्हते. सायन्नाने कालव्यावर ओरडणे बंद केले होते. एकदा गालय्याच त्याला म्हणाला, "काय रे, आता पाणी पुरतं वाटतं तुला?" सायन्नाने तोंड फिरवले.

पोशव्वा संध्याकाळी दारात बसायची. एकदा तिच्या तोंडून आवाज निघाला तेव्हा समोरच्या घरातली बाई खाकरली. पोशव्वाने पदर तोंडात धरला.

तिसरी पाळी संपत आली. एकोणतीस मार्चला, म्हणजे चोविसाव्या दिवशी, सकाळी दहाला किष्टय्याला घेऊन येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्याने कामारेड्डी शहर सोडले होते, तासाभरात पोचणार होता. गालय्या शेपटाला होता. शेवटचे चार वाफे राहिले होते, त्यांतले दोन सायन्नाचे. मी पटेलांना कळवले.

"वेशीच्या आत आली की त्याला सूतक लागलं," पटेल म्हणाले. "गाडी सडकेवर चहाच्या टपरीजवळ थांबवा. चार वाफ्यांसाठी गरिबांचं नुकसान कशाला?"

मी ड्रायव्हरला फोन केला.

"साहेब, पेटीत माणूस आहे," तो म्हणाला. "सिमेंट नाही, पाहिजे तिथे उतरवून ठेवायला."

"थोडा वेळ थांब," मी म्हणालो.

मग शेपटाला गेलो. गालय्या वाफ्यात उभा होता.

"गाडी आली. वेशीबाहेर उभी केली आहे."

त्याने पाण्यातल्या पायाकडे पाहिले. "चार वाफे आहेत. देतो आणि येतो."

सायन्ना म्हणाला, "बावा, जा तू. माझे दोन राहू देत."

"राहू देत कसे? तुझी पाळी आहे."

पोशव्वाला कोणी सांगितले ते कळले नाही. मी सडकेवर पोचलो तेव्हा ती तिथे होती. गाडीच्या मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसली होती आणि मोठ्याने रडत होती. टपरीवाला चहा हातात घेऊन तसाच उभा होता. बालमल्लूची बायको धावत आली होती, ती म्हणाली, "पोशव्वा, अगं अजून..."

"गावात रडू नको म्हणालात ना?" पोशव्वाने सडकेकडे हात केला. "हे गाव नाही."

ती पाच तास रडली. तीनच्या सुमारास तिचा आवाज बसला आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

साडेचारला गालय्या आला. चारही वाफे भिजवून, तळ्यावर जाऊन, बोळा बसवून आला होता. ड्रायव्हर कागद घेऊन खाली उतरला.

"बाप कोण?"

गालय्याने हात वर केला. अंगठा उमटवला. अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. मग गाडी वेशीच्या आत गेली आणि अंधार पडायच्या आत माती दिली गेली.

गालय्याच्या अंगणात माणसे बसली होती. पटेलही आले होते. ते बालमल्लूला म्हणाले, "पोरगा गेला पाच तारखेला. तिथून मोजलं तर अकरा दिवस केव्हाच झाले. उद्या सकाळी गालाने आंघोळ केली की मोकळा. एक पाळी राहिली आहे, शेवटची. दाणा भरायची."

पटेलांचे गणित चूक नव्हते. कसेही मोजता येत होते, हे चोवीस दिवसांपूर्वी त्यांनीच दाखवले होते.

"आजपासून मोजा," गालय्या म्हणाला.

तो बोलला हे काही लोकांच्या लक्षातच आले नाही. पटेलांनी विचारले, "काय म्हणालास?"

"आजपासून मोजा. अकरा दिवस."

"गाला, माझं सोड. शेपटाला तुझीच माणसं आहेत. तुझ्या मेहुण्याचं भात आहे. त्याच्या तोंडाकडे बघ."

गालय्याने खरोखरच सायन्नाच्या तोंडाकडे पाहिले. सायन्ना भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा साफ केला.

"आजपासूनच मोजा, पटेला," तो म्हणाला.

पटेल उठून गेले. दुसरा कोणी बोळ्याला हात लावेल असे मला दोन दिवस वाटत होते. कोणी लावला नाही. बांधावर माणसे जायची, पाणी बघायची, परत यायची. गालय्या अकरा दिवस घरात भिंतीकडे तोंड करून बसला. पोशव्वा त्याच्या शेजारी बसली. चूल बंद होती. शेपटाच्या घरांतून दोन्ही वेळचे जेवण येत होते, पाळीने, ज्यांच्या शेतांत भेगा पडत होत्या त्यांच्याकडून. सायन्नाची पाळी पाचव्या दिवशी आली. त्याने भात आणि चिंचेचे सार आणले, ताटाजवळ बसला आणि म्हणाला, "बावा, खा."

गालय्या जेवला. सायन्नाने ताट उचलले आणि तो घरी गेला. त्याच्या दोन्ही वाफ्यांत त्या वर्षी निम्मे फोल निघाले.