इंजिनाचं बाळंतपण

रस्त्यानं लोडेड ट्रक घरघरत गेला की मला एखादा जुना किस्सा आठवतो, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि मुंबईत ट्रक काय कमी जातात? घरच्यांची पार वाट लागते!

ऐंशीच्या दशकात नाहूरजवळच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते, इंजिनियरांची ड्रॉइंग शाईनं गिरवायची. ट्रकचं इंजिन आम्ही पहिल्यांदाच स्वतः बनवत होतो. इंजिनियर देशपांडेसाहेब, टेस्टर कांबळे, फिटर सावंतमामा आणि मी, अशी आमची गँग.

* * *

सावंतमामा मालवणकडचे. संपात गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आले. पहिल्याच दिवशी विचारलं, "हेका प्लग खंय आसा?"

साहेब म्हणाले, "डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतोच. आत नुसती हवा दाबायची. इतकी दाबायची की ती भयंकर तापते. मग डिझेलचा फवारा पडला की आपोआप भडका!"

"काडी नाय, ठिणगी नाय?"

"काही नाही."

मामांनी इंजिनावर हात ठेवला. हळूच म्हणाले, "सायबानू, आमच्या गिरणीत ह्याच झाला!"

* * *

जेवणाच्या सुट्टीत साहेब इंजिनांच्या जन्मकथा सांगायचे. एकदा म्हणाले, "पूर्वी एका प्रदर्शनात असलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं."

कांबळेला राहवेना. दुसऱ्या दिवशी घरून तेल आणलं आणि पाण्याच्या पंपाच्या जुन्या इंजिनात ओतलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि चक्क चाललं! आम्ही आ वासून बघतोय, तेवढ्यात मॅनेजर वास घेत आत आले.

"भजी कुठंयत?"

* * *

आमच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे त्याच्या पोटात फिरणारा दांडा, मी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं काढला होता. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा जमीन हादरली, चहाचे ग्लास टेबलावर चालायला लागले. मला रडूच फुटलं.

कांबळे ओरडला, "रडतेस काय? झकास चाललंय!"

"अरे, माझी रेघ फिरतेय रे!"

* * *

पुढे ते इंजिन बसवलेली चेसिस चारकोपच्या बॉडीवाल्याकडे न्यायची होती. ना केबिन, ना दार, ना छप्पर. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर, तोंडाला मफलर. शेजारी कांबळे, दोरीनं बांधलेला!

पवईला हवालदारानं अडवलं. "ही काय गाडी आहे?"

कांबळे म्हणाला, "साहेब, जीव आलाय. शरीर चारकोपला मिळेल!"

हवालदारानं चेसिसला एक चक्कर मारली, आणि आमच्यासाठी अख्खं ट्रॅफिक थांबवलं.

* * *

पण सगळ्यात भारी किस्सा त्याआधीचा, टेस्टचा. इंजिन रात्रंदिवस चालवायचं होतं. मध्ये थांबलं तर टेस्ट पहिल्यापासून. भिंतीपलीकडच्या चाळीत मांडणीवरची भांडी वाजायला लागली. बायका गेटवर आल्या. साहेबांनी हात जोडले, "एवढा महिना सांभाळून घ्या!" त्यांनी घेतलं.

महिन्यानं, भर दुपारी, कांबळेनं इंजिन बंद केलं. इतकी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

थोड्या वेळानं गेटवर चाळीतली एक बाई. खांद्यावर तान्हं पोर, टाहो फोडतंय.

मामा म्हणाले, "काय गो बाय? आता तर बंद केला!"

"म्हणूनच आलेय. जन्मल्यापासून ह्यानं ते बंद पडलेलं ऐकलंच नाही. जरा चालू करा ना, झोपत नाहीये!"

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कांबळेकडे.

कांबळेनं स्टार्टर दाबला.