आसेगावच्या दवाखान्यातलं विमानाचं भांडं

नागपुरात विमानदुरुस्तीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची. जुन्या डाकोटा विमानांतून निघालेल्या खुर्च्या, राखदाण्या, मोरीतले नळ हे सगळं ओळखून वेगळं लावणं हे माझं काम. पन्नासच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आसेगावहून माझ्या नणंदेचं, कमलचं, पत्र आलं. ती तिथल्या दवाखान्यात नर्स होती. 'रिसोडच्या भंगारवाल्याकडून विमानाचं सामान घेतलं. वहिनी, पाहायला या.' चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी, पुढं कारंज्यापर्यंत छोटी. ती इतकी सावकाश, की माझ्या समोरचे गृहस्थ उतरून शेतातला हरभरा उपटून परत चढले, आणि मलाही दिला. कारंज्याहून मंगरूळपीरला मोटार आणि शेवटी आठ आण्यांत छकडा. आज तिकडं गेलात तर सोयाबीन दिसेल. तेव्हा दोन्हीकडं फुटलेला कापूस होता.

भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा खाऊन झाल्यावर कमल मला दवाखान्यात घेऊन गेली. भिंतीवर छोटं बेसिन बसवलं होतं. नळ दाबला की पाणी, सोडला की बंद.

"प्रवाशांच्या मोरीतलंच आहे," मी म्हणाले. कमल खुलली.

मग कोपऱ्यात तिवईवर ठेवलेलं स्टीलचं गोल भांडं दिसलं. एक बाई त्यातून पाणी पीत होती. काठाखाली अडकवायचे दोन आकडे, आत निळसर डाग. ती बाई गेल्यावर भांडं उलटं करून बुडावरचा नंबर वाचला. आपलं चुकलं असावं असं फार वाटत होतं, पण चुकलं नव्हतं.

"कमल, हे पाण्याचं नाही. विमानातल्या संडासाच्या बैठकीखाली बसवतात ते आहे. हे निळे डाग त्यात टाकायच्या औषधाचे."

तिनं भांडं माझ्या हातून घेतलं. "पंधरा दिवसांपासून बाळंतिणींले यातूनच पाजून राह्यली मी. तीनदा सोड्यात उकळलं होतं, वहिनी!"

"मग बाधणार नाही. मागच्या दारानं टाकून दे. गळत होतं म्हणून सांग."

कमलनं भांडं बाजूला ठेवलं. "मी लपवलं, तं उद्या त्या बाया तरी मले कायले खरं सांगतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बाया जमल्या, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चूक माही हाये." गंगा नावाची एक तरुण बाळंतीण लेकराला छातीशी धरून उठून गेली. तिच्यामागं बाकीच्याही. दिवसभर कोणी फिरकलं नाही. कमल रिकाम्या खाटांच्या चादरी पुन्हापुन्हा नीट करत राहिली. मला वाटलं, मी आलेच नसते तर बरं झालं असतं.

परतीच्या दिवशी छकडा दारात उभा असताना गंगा आली. काखेत लेकरू, डोक्यावर माठ.

"नवा हाये," माठ उतरवत ती कमलला म्हणाली. "या टायमाले आतून मीच पाह्यला."

कमल आधी हसली, मग पदरानं डोळे पुसू लागली.

त्या रस्त्याची धूळ नागपूरला आल्यावर एका धुण्यात निघाली. मात्र कामावर गेल्या गेल्या मी साहेबांकडून एक परवानगी मागून घेतली. त्यानंतर संडासातलं असं एकही भांडं बुडाला भोक पाडल्याशिवाय मी भंगारात जाऊ दिलं नाही.