रोज सकाळी परत येणारं नाव

वडील हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात हमाली करत. एकदा चोरीच्या संशयावरून त्यांना ठाण्यात नेलं, तेव्हा जबाबावर काय लिहिलंय ते वाचणारं घरात कुणी नव्हतं. त्यांनी अंगठा दिला. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो आणि पोलिसात गेलो. नल्लकुंट्याचं ते प्रकरण म्हणूनच मनातून जात नाही.

एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाची तक्रार होती. त्यांचा एक इंजिनिअर अपघातात वारला. त्याचं अपुरं काम दुसऱ्याने नव्याने केलं, म्हणून मृताची ब्रँच, म्हणजे कामाची स्वतंत्र प्रत, सर्व्हरवरून पुसली. सकाळी ती परत हजर. रोज पुसायची, रोज यायची. वर मृताचं नाव, खाली त्याची शेवटची नोंद: "बाकी काम कल." लोकांनी संगणकांना लिंबं बांधली होती.

सर्व्हरच्या नोंदीत ती परत चढवणारं लॉगिन सापडलं ते मृताच्या सहकारी मुलीचं. नांदेडकडची, तीही घरातली पहिली पदवीधर.

"साहेब, हीच घाबरवते सगळ्यांना. आजच अटक करा," मालक म्हणाला.

जबाबात ती एवढंच सांगत राहिली, "सर, संध्याकाळी पुसते पण मीच. मग परत कशाला आणू?"

खोटं बोलणारा दर वेळी तपशील वाढवतो. हिचं वाक्य बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत तिला पंचांसमोर बसवलं. "रोज येऊन करतेस तेच कर. काही गाळू नकोस."

तिने एक ओळ टाइप केली. "ही त्यानेच शिकवली, सर. माझ्याकडचं सगळं एकदम सर्व्हरवर जातं."

मालकाच्या पडद्यावर नाव उगवलं. बाकी काम कल. मी तिच्या लॅपटॉपकडे वळलो.

"सगळं म्हणजे काय काय?"

तिने लॅपटॉपवरची यादी उघडली. त्यात तो होता. सर्व्हरवर पुसलेली ब्रँच तिच्याकडे तशीच राहिली होती.

हेड कॉन्स्टेबल पुटपुटले, "साब, अपने वारंट के जैसा हुआ ना ये!"

खरं होतं. कोर्टाने रद्द केलेल्या वॉरंटची प्रत आमच्या एका शिपायाच्या खिशात राहिली होती. सुटलेल्या माणसाला त्याने पुन्हा धरून आणलं होतं.

लॅपटॉपवरची प्रत पुसताना तिचा हात थांबला. "सर, यानंतर तो कुठेच नसेल." मग तिने बटण दाबलं.

पुढे तीन दिवस रोज सकाळी आम्ही पाहिलं. नाव आलं नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघायलाही लोक धजत नव्हते.

मूळ कागद रद्द झाला, तरी प्रती कुणाकुणाकडे आहेत हे आधी विचारावं, हे मी तिथे शिकलो. गुन्हा नोंदवला नाही. तिची नोकरी राहिली. आपला जबाब तिने स्वतः दोनदा वाचला, एक शब्द दुरुस्त करायला लावला आणि मगच सही केली.